भुतांचा सण आणि जुना बाजार

ऑक्टोबर महिना लागला की अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या दुकानांतील गिऱ्हाइकाची नजर पालटते. एरवी ह्या दुकानांत येणारा माणूस डाग नसलेला सदरा, न उसवलेली शिवण, न गंजलेली किटली शोधीत असतो. ऑक्टोबरातील गिऱ्हाईक नेमके उलट शोधते. कसर लागलेला लांब कोट, पिवळा पडलेला लग्नाचा झगा, काळवंडलेले पितळी शमादान, फुटक्या काचेची तसबीर, एक डोळा निखळलेली बाहुली, ह्यांवर उड्या पडतात. ३१ ऑक्टोबरला येणारा हॅलोवीन हा भुताखेतांचा सण. त्या रात्री मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात आणि चांगल्या नांदत्या घरांच्या ओसरीला हौसेने स्मशानकळा आणली जाते.

अर्थशास्त्राच्या वर्गात आपण शिकवतो की, वस्तूतील दोष तिची किंमत उतरवतो. येथे दोष हाच गुण ठरतो. नव्या झग्याला चहाच्या पाण्यात बुडवून जुना करावा लागतो. जुना झगा ही मेहनत आयतीच करून आलेला असतो. जगातील बहुतेक सण नवेपणाचा आग्रह धरतात. जुन्याचा आग्रह धरणारा हा सण खरे पाहता काटकसरीला किती अनुकूल! तरीही गेल्या काही दशकांत हाच सण अमेरिकेतील एका प्रचंड खरेदीचे निमित्त बनला. ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

तेथील किरकोळ विक्रेत्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी ग्राहकांची पाहणी करून ह्या सणावरील खर्चाचा अंदाज प्रसिद्ध करते. २००५ साली हा अंदाज ३३० कोटी डॉलरचा होता. २०२३ साली तो १,२२० कोटींवर आणि २०२५ साली १,३१० कोटी डॉलरवर गेला. मधल्या काळातील महागाईची वजावट केली तरी ही वाढ मोठीच उरते. २०२३ च्या रकमेपैकी सुमारे ४१० कोटी डॉलर पोशाखांचे आणि ३९० कोटी डॉलर घराच्या सजावटीचे होते. म्हणजे मुलांच्या झोळीत पडणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांहून सोंगाढोंगाचाच खर्च अधिक.

मुळात हे असे नव्हते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील शेतकरी-कष्टकऱ्यांचा हा सण. तेथे सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेत आले, आणि सलगमाची जागा तेथे मुबलक पिकणाऱ्या लाल भोपळ्याने घेतली. जे हाताशी आहे त्यातून सण उभा करायचा, ही त्याची रीतच होती. सोंगांचेही तसेच. बिछान्यावरच्या जुन्या चादरीला दोन भोके पाडली की भूत तयार. बापाचा फाटका कोट नि तोंडाला जळक्या बुचाची काजळी, की झाला भिकारी. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन ह्या कागदाच्या कारखान्याने १९०९ पासून ‘बोगी बुक’ नावाच्या पुस्तिका काढल्या, त्यांत क्रेप कागदाचे पोशाख घरी कसे करावेत हे सांगितलेले असे. कारखान्याला कागद खपवायचा होता हे उघड आहे. पण कापणे, चिकटवणे, शिवणे हे काम घराकडेच राहिले होते.

ते काम घराबाहेर काढले खोक्यातल्या पोशाखांनी. १९३७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थापन झालेली बेन कूपर ही कंपनी ह्यात अग्रेसर. चित्रपटांतील आणि पुढे दूरचित्रवाणीवरील पात्रांचे हक्क घ्यायचे, प्लॅस्टिकचा मुखवटा नि पातळ कापडाचा अंगरखा खोक्यात घालायचा आणि स्वस्तात विकायचा, असा हा व्यवसाय. गंमत अशी की, ह्या अंगरख्यांच्या छातीवर बहुधा त्या पात्राचे चित्र नि नावही छापलेले असे. आपण कोणाचे सोंग घेतले आहे हे छातीवर लिहून हिंडणारा बहुरूपी आपल्याकडील गावकऱ्यांनी पहिल्या दारातूनच परत पाठवला असता. पण छातीवरचे ते नाव पोशाखाचे नव्हे, मालाचे होते. मूल सोंग घेऊन दारात उभे नसे. एका मालाची जाहिरात दारात उभी असे.

ह्या बदलाचे जे परिणाम झाले त्यांतील एकाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हॅलोवीनच्या रात्रीचे एक मोठे सामाजिक मूल्य असे की, त्या रात्री कोणतेही मूल कोणत्याही दारावर थाप मारू शकते. मुखवट्याआडचे मूल कोणाचे, त्याचा बाप कारखान्यात आहे की पेढीवर, हे कळू नये आणि कळले तरी विचारू नये. घरच्या चादरीचे भूत ह्या बाबतीत फार समतावादी होते, कारण श्रीमंताच्या चादरीला पडलेली भोके गरिबाच्या चादरीच्या भोकांहून निराळी दिसत नाहीत. खोक्यातील पोशाखाने मुखवट्यावरच किंमत लिहिली. यंदाच्या चित्रपटातील नायकाचा पन्नास-साठ डॉलरचा पोशाख कोणाच्या अंगावर आहे आणि गेल्या वर्षीचा उतरलेल्या भावातला कोणाच्या, हे मुलांना दारातल्या दिव्याच्या उजेडातही अचूक कळते. जुन्या बाजारातून उभे केलेले सोंग हा दर्जा पुन्हा पुसून टाकते, आणि माझ्या मते त्याचा पर्यावरणाइतकाच मोठा लाभ हा आहे. चार डॉलरचा कोट आणि दोन डॉलरची टोपी ह्यांतून झालेल्या बुजगावण्याकडे पाहून घरची मिळकत ओळखता येत नाही. फार तर कल्पकता ओळखता येते, आणि तिची वाटणी मिळकतीप्रमाणे झालेली नसते.

खोक्यातील पोशाख घेणाऱ्या आईला आळशी म्हणण्याचा एक प्रघात काटकसरीच्या उपदेशकांत आहे. तो अन्यायाचा आहे. ती आई दिवसभर नोकरी करते. खोक्यासोबत ती वेळ विकत घेत असते. शिवणकाम हे घरोघरचे कौशल्य राहिलेले नाही. घरी शिवणाऱ्यांना कापड नि दोरा पुरवणारी जोअन ही अमेरिकेतील मोठी दुकानसाखळी २०२५ साली दिवाळे निघून बंदच झाली. उलट, १९८३ साली कॅलिफोर्नियात एका दुकानापासून सुरू झालेली स्पिरिट हॅलोवीन ही साखळी आता दरवर्षी दोन-तीन महिन्यांपुरती दीड हजारांच्या आसपास दुकाने थाटते, तीही बहुतांशी दुसऱ्या बुडालेल्या दुकानांच्या रिकाम्या जागांत. भुतांच्या मालासाठी ह्याहून समर्पक जागा कोणती असणार!

जुन्या वस्तूंची सजावट आजच्या घराला जमते, ती ह्याच कारणाने. तिला शिवण लागत नाही, जुळवणी लागते. लग्नाच्या जुन्या झग्याची किनार कात्रीने फाडली, चेहऱ्याला पिठूळ रंग लावला, की मेलेली नवरी उभी राहते. पुरुषी कोटाच्या बाह्यांतून गवत बाहेर काढले की बुजगावणे होते. नक्षीच्या जुन्या पडद्याच्या चिंध्या दारावर सोडल्या की कोळ्याची जाळी दिसू लागते. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत रंगीत पाणी भरून वर विषांची नावे चिकटवतात. अनोळखी पूर्वजांच्या तसबिरी, ज्या त्यांच्या वारसांनीच दुकानाला देऊन टाकलेल्या असतात, भिंतीवर टांगल्या की घराला चार पिढ्यांचा शाप आपोआप मिळतो. एका संध्याकाळचे हे काम आहे आणि त्यात मूल बरोबरीने बसू शकते. खोके उघडण्यात मुलाला करण्यासारखे काही नसते.

आता खोक्यातील माल शेवटी कोठे जातो ते पाहू. ब्रिटनमध्ये २०१९ साली फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब ह्या दोन संस्थांनी १९ विक्रेत्यांकडील ३२४ हॅलोवीन पोशाख तपासले. त्यांतील सामग्रीपैकी ८३ टक्के भाग खनिज तेलापासून बनलेल्या प्लॅस्टिकचा, मुख्यतः पॉलिएस्टरचा निघाला. त्या देशात दरवर्षी सुमारे ७० लाख हॅलोवीन पोशाख फेकले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार २०१८ साली त्या देशात १ कोटी ७० लाख टन कापडी कचरा निर्माण झाला आणि त्यातील १ कोटी १३ लाख टन जमिनीत गाडला गेला. पोशाखाच्या किमतीत कारखानदाराचा नफा, पात्राच्या हक्काचे शुल्क, चीनहून येणाऱ्या जहाजाचे भाडे हे सारे धरलेले असते. गाडण्याचा खर्च मात्र धरलेला नसतो. तो गावाच्या नगरपालिकेने, म्हणजे ज्यांनी तो पोशाख घेतला नाही त्यांनीही भरायचा असतो.

ह्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. जुन्या कपड्यांची दुकाने गरिबांसाठी आहेत. हौशी मध्यमवर्गाने तेथे गर्दी केली तर ज्याला थंडीचा कोट खरोखर हवा आहे त्याने कोठे जावे? आक्षेपाला इतिहासाचे बळ आहे. गुडविल ही ह्या क्षेत्रातील मोठी संस्था १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स ह्या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने सुरू केली. सधन वस्त्यांतून जुने कपडे गोळा करायचे, गरिबांकडून ते दुरुस्त करवून घ्यायचे, त्यांना मजुरी द्यायची आणि ते कपडे स्वस्तात विकायचे, अशी ती योजना होती. परंतु आजची अडचण टंचाईची नाही, अतिरेकाची आहे. देणगी म्हणून येणाऱ्या कपड्यांचा लोंढा एवढा आहे की काही आठवडे मांडणीवर राहूनही न खपलेला माल वजनावर विकला जातो, आणि त्यातूनही उरलेल्याचे गठ्ठे बांधून तो परदेशी रवाना होतो. घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो हा बाजार अशाच गठ्ठ्यांवर चालतो. २०२५ च्या जानेवारीत तो आगीत मोठ्या प्रमाणावर जळाला. काही गठ्ठे आपल्या कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात निवडले जातात, आणि तुकडे केलेल्या लोकरी चिंध्यांचे पानिपतच्या गिरण्यांत पुन्हा सूत निघून घोंगड्या होतात. तेव्हा मेलेल्या नवरीसाठी झगा नेणाऱ्याने कोणाच्या तोंडचा घास काढला असे म्हणता येणार नाही. थंडीचे धडके कोट नि लहान मुलांचे चांगले जोड मात्र त्याने तेथेच राहू द्यावेत. भुताला त्यांची गरज नसते.

मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. जुनी वस्तू घेणे ही आता स्वतंत्र हौस बनू लागली आहे, आणि स्वस्ताईमुळे हात सैल सुटतो. दोन डॉलरच्या वीस वस्तू घेऊन त्यांना काळा रंग फासला, गोंदाने चमकी चिकटवली आणि २ नोव्हेंबरला सारे कचऱ्यात टाकले, तर त्यात वाचले ते काय? उलट, आणखी दहा वर्षे वापरता आला असता असा कोट एका रात्रीत निकामी झाला. काटकसरीचे माप वस्तू कोणत्या दुकानातून आली हे नव्हे. ती किती रात्री टिकली हे आहे. टाचणीने टाचलेली बाही पुन्हा सोडवता येते, गोंदाने चिकटवलेली येत नाही. रंगवण्यापेक्षा पांघरणे चांगले, फाडण्यापेक्षा दुमडणे चांगले. आणि फाडायचेच तर जे आधीच फाटले आहे ते.

हे माप आपल्याला नवे नाही. मराठी रंगभूमीचा कपडेपट त्याच मापावर उभा होता, नि शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी वेशभूषा भाड्याने देणारी दुकाने आजही त्याच मापावर चालतात. शिवाजीचा जिरेटोप आणि जरीचा अंगरखा एका मुलाचा नसतो. तो ह्या शाळेतून त्या शाळेत वर्षानुवर्षे फिरतो. शिक्षकांना त्याची मळकी कॉलर नि सैल बटणे परिचित असतील. पण म्हणूनच त्या अंगरख्याच्या एका रात्रीची किंमत नगण्य असते. मुंबई-पुण्याच्या काही गृहसंकुलांत अलीकडे हॅलोवीन साजरा होऊ लागला आहे. परदेशी सण आला ह्याचे मला सोयरसुतक नाही. सण पूर्वीही प्रवास करीत आले आहेत. वाईट ह्याचे वाटते की, त्या सणातील चादर आली नाही, खोके तेवढे आले, तेही घरपोच.

२०२४ साली एक योग असा आला की, ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत त्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान आणि नवे कपडे, नि संध्याकाळी त्याच मुलांच्या अंगावर भुताची सोंगे. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर घर आवरायचे, जुनेर बाहेर काढायचे आणि बोहारणीशी हुज्जत घालून त्यावर एखादे पातेले पदरात पाडून घ्यायचे, अशी चाल होती. एक सण जुने बाहेर काढतो, दुसरा जुने मागत दारात येतो. दोन्ही एकाच कपाटासमोर भेटले तर बोहारणीलाही हेवा वाटेल असा हा सौदा आहे.

अमेरिकेतील काही गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या सौद्याची एक पद्धत बसवलीही आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लोकांनी गेल्या वर्षीचे धुतलेले पोशाख आणून द्यायचे आणि मापाप्रमाणे लावलेल्या मांडणीवरून दुसरे न्यायचे. मुलांची उंची दरवर्षी बदलते, आवडही बदलते, त्यामुळे कोणाचा पोशाख कोणाला लागू पडेल ह्याची वाण पडत नाही. ज्याच्याकडे आणण्यासारखे काही नाही त्यालाही पुष्कळ ठिकाणी एक नेऊ देतात. ह्या व्यवहारात पैसा हात बदलत नाही, म्हणून १,३१० कोटींच्या त्या अंदाजात तो कोठेही दिसणार नाही.