ब्लू-रे डिस्क असोसिएशनला, मिरजेहून

ब्लू-रे डिस्क असोसिएशन यांस,

मी मिरजेत लग्नाचं शूटिंग करतो. व्हीएचएस कॅसेटवर सुरुवात केली, मग मिनीडीव्ही, मग डीव्हीडी आणि २०१० पासून तुमची ब्लू-रे. आमच्या धंद्यात पार्टीच्या हातात शेवटी पडते ती डिस्क, वर नवरानवरीचा फोटो छापलेली. ती त्यांच्या घरच्या टीव्हीवर लागली नाही, तर राहिलेल्या पैशांचं नाव काढायचं नाही.

२०११ मधली गोष्ट. इचलकरंजीचं लग्न. नवरीच्या आजीनं शेवटचं मंगलाष्टक स्वतः म्हटलं, माईक बाजूला सारून. अंतरपाट धरणारे दोघं हात अवघडले तरी हलले नाहीत. आवाज कापरा, पण एक अक्षर चुकलं नाही. ते मी जवळून टिपलं होतं. डिस्क पोचवली त्या संध्याकाळी घरात वीसेक माणसं जमलेली, चहा झालेला. प्लेयर दुबईहून आणलेला. डिस्क आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर आलं, ‘नो डिस्क’. कुणीतरी म्हणालं, दुबईचा रीजन वेगळा असेल. घरी राइट केलेल्या डिस्कला रीजन नसतो, हे त्या खोलीत कोण ऐकून घेणार? डिस्क घेऊन परत आलो. माझ्या प्लेयरवर ती तोंडपाठ असल्यासारखी चालली. दुसरी केली, तिसरी केली, गाडीवरून फेऱ्या मारल्या.

कारण सापडलं ते कोऱ्या डिस्कच्या वेष्टनावर, बारीक अक्षरात: एलटीएच. नेहमीच्या कोऱ्या ब्लू-रेवर, म्हणजे बीडी-आरवर, लेझर जिथे लिहितो ती जागा कमी चकाकते. एलटीएचमध्ये उलटं, लिहिलेली जागा जास्त चकाकते. रंगद्रव्य डीव्हीडी-आरच्या जातीचं, जुन्या कारखान्यात बनू शकणारं, म्हणून डिस्क स्वस्त. पण हा प्रकार तुमच्या नियमपुस्तकात मागाहून आला. आधी विकल्या गेलेल्या प्लेयरना तो ओळखायला फर्मवेअर बदलावं लागायचं. तुमचा लोगो दोन्ही डिस्कवर, प्लेयरवरही. ‘लोगो बघून घ्या’ असं गिऱ्हाइकाला सांगणारा मीच त्या दिवशी खोटा पडलो.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. बरं, पुढचं घ्या. आपल्याकडचे कॅमेरे पाल या टीव्ही पद्धतीच्या हिशोबाने सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं घेतात. १०८० चा २५ पूर्ण चित्रांचा व्हिडिओ तुमच्या साध्या ब्लू-रेच्या नियमात बसत नाही. तो ५० अर्ध्या चित्रांच्या वेषात पाठवावा लागतो. २०११ मध्ये एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यातल्या रेकॉर्डिंग पद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि हँडीकॅमसुद्धा सेकंदाला ५० पूर्ण चित्रं घेऊ लागले. तेही तुमच्या डिस्कवर नियमाने चालत नाही. गिऱ्हाइकाला कॅमेऱ्यात दिसतं ते डिस्कवर का नाही, हे समजावण्यात माझे किती तास गेले असतील!

एव्हीसीएचडी साध्या डीव्हीडीवर राइट करायची पळवाटही आम्ही वापरली. ४.७ जीबीत चांगल्या दर्जाचा जेमतेम अर्धा तास, पण कोरी डिस्क स्वस्त. ब्लू-रे प्लेयर ती बहुधा घेतो. साध्या डीव्हीडी प्लेयरमध्ये चुकून घातली तर तो ती बाहेर टाकायलाही नकार देऊ शकतो, असा इशारा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतच असायचा. एका काकांच्या प्लेयरचं झाकण मी स्क्रू-ड्रायव्हरने उघडलंय.

अनुभवाने काही पथ्यं ठरली. व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटची मुभा आहे, मी २५ वर थांबतो. राइट करताना वेग कमी ठेवतो. व्हिडिओचा बीडीएमव्ही फोल्डर यूडीएफ २.५० या फाइलपद्धतीतच राइट करतो, नाहीतर पीसीवर फाइल दिसते आणि प्लेयरवर पत्ता नाही. हे सगळं ठेचा खाऊन शिकलो, कारण तुमचं पूर्ण नियमपुस्तक परवाना आणि पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. सिनेमा छापणाऱ्या कंपनीला ते परवडतं. मिरजेतल्या एका खोलीच्या स्टुडिओला नाही.

आता लिहायचं कारण असं, की २०२३ मध्ये पॅनासोनिकने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनेही. म्हणजे घरी राइट केलेल्या डिस्कमधून तुम्हाला यापुढे फारसं काही मिळणार नाही. मग तेवढा भाग तरी खुला करा. बीडी-आर आणि पुन्हा राइट करता येणाऱ्या बीडी-आरईवर व्हिडिओ कसा मांडायचा, ही पानं कुणालाही फुकट वाचता येऊ देत. सोबत दहा मिनिटांची चाचणीची डिस्क-फाइल द्या, सगळे चित्रवेग आणि आवाजाचे प्रकार असलेली. ती राइट करून गिऱ्हाइकाच्या प्लेयरमध्ये घातली की कळेल, हा काय खातो आणि काय थुंकतो. जे सभासद अजून प्लेयर बनवतात, त्यांना खोक्यावर लिहायला लावा की एलटीएच चालते की नाही. ‘काही डिस्क चालणार नाहीत’ ही पुस्तिकेतली ओळ मी इतक्या ठिकाणी वाचलीय, की ती कुठल्या डिस्कबद्दल आहे हे एकदा कळावं एवढीच इच्छा आहे.

मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या त्या नवरीचा फोन आला. आजी गेल्या. जुनी डिस्क नव्या प्लेयरवर अडखळते, मुलीला मंगलाष्टक दाखवायचंय. पेनड्राइव्हवर देतो म्हटलं. तोही देणार आहे. पण तिला फोटो छापलेली डिस्कच हवी आहे, कपाटात अल्बमशेजारी ठेवायला. माझ्याकडे कोऱ्या अकरा उरल्यात. वेष्टनं वाचून झाली, चार एलटीएच निघाल्या.

उत्तर पाठवाल तेव्हा चाचणीची फाइलही पाठवा. राहिलेल्या सातांतली एक तिच्यासाठी बाजूला काढतो.

आपला,
एक शूटिंगवाला