आमचा रंग कोणता?

पुण्यांत नारायण पेठेंतील केसरीवाड्यांत एक जुनें निशाण जपून ठेविलेलें आहे. ता. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत मादाम भिकाजी कामा यांनीं हिंदुस्थानचा ध्वज फडकाविला, त्या प्रसंगाचें म्हणून तें ओळखलें जातें. पुढें इंदुलाल याज्ञिक यांनीं ब्रिटिश अधिकाऱ्यांची नजर चुकवून तें स्वदेशीं आणिलें. ज्या पालकांनीं आपल्या मुलांस तें अद्याप दाखविलें नसेल, त्यांनीं एखादा दिवस त्यासाठीं अवश्य काढावा.

वर हिरवा, मध्यें केशरी व खालीं तांबडा असे त्याचे तीन पट्टे आहेत. हिरव्यावर आठ कमळें, तीं तत्कालीन आठ प्रांतांचीं. केशरीवर देवनागरींत ‘वंदे मातरम्’. तांबड्यावर सूर्य आणि चंद्रकोर, म्हणजे हिंदु व मुसलमान, असा अर्थ सामान्यतः सांगतात. ज्या बाईंनीं हा ध्वज परमुलुखांत उभा केला त्या स्वतः पारशी होत्या. आणि पारशांची म्हणून वेगळी खूण मात्र त्यावर कोठेंहि नाहीं! त्यांस ती मागावीशी वाटली नाहीं, हें आम्हांस फार मोठें वाटतें.

१९२१ सालीं गांधीजींनीं पुरस्कारिलेल्या चरख्याच्या निशाणांतहि असाच हिशेब होता: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, आणि पांढरा इतर सर्वांचा. शिखांनीं आपला रंग मागितला. त्यांत गैर तें काय? वांटणी सुरू झाली कीं वांटेकरी येणारच. अखेर १९३१ सालीं मुंबईस अखिल भारतीय काँग्रेस कमिटीनें रंगांस जातवार अर्थ नाहीं, असें स्पष्ट ठरविलें. केशरी धैर्य व त्याग यांचा, पांढरा सत्य व शांति यांचा, हिरवा श्रद्धा व शौर्य यांचा.

ता. २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें संमत केलेल्या ठरावांत तर रंगांचा अर्थ मुळीं दिलेलाच नाहीं. चरख्याची खूण म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र घेतलें, एवढें त्यांत आहे. चरखा मागील बाजूनें उलटा दिसे, चक्र दोन्ही अंगांनीं सारखेंच दिसतें, हीहि त्यांतील एक सोय.

असें असतां आजहि कित्येक ठिकाणीं मुलांकडून एकेका रंगापुढें एकेक धर्म घोकून घेतला जातो, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आमच्या शाळेंत ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान व पारशी मुलें एकाच बाकावर बसतात. त्यांपैकीं एखाद्या ख्रिस्ती मुलानें ‘आमचा रंग कोणता?’ म्हणून विचारलें, तर ‘उरलेल्यांचा पांढरा’ हें उत्तर शिक्षकानें कोणत्या तोंडानें द्यावें? आपल्याच देशांत उरलेल्यांत गणलें जाणें कोणत्या लेंकरास रुचेल?

घरीं कोणी मूल तो जुना पाठ म्हणूं लागलें, तर पालकांनीं त्यास १९३१ चा ठराव समजावून सांगावा, आणि ध्वजावरील चक्राचे आरे मोजावयास लावावे. ते चोवीस भरतात.