पड म्हणून हिणवता, तीच पाण्याची वाट आहे

गावाचा कचरा कुठं टाकायचा, मेलेलं जनावर कुठं न्यायचं, मैल्याचा टँकर कुठं रिकामा करायचा, असा प्रश्न निघाला की चौसाळा भागात काय नि घाटाखाली काय, बोट एकाच दिशेला जातं. गायरानाकडं! "पडच आहे, तिथं काय बिघडतंय?" आमचं म्हणणं असं की सगळ्यात जास्त तिथंच बिघडतं.

बालाघाटाचा खडक म्हणजे काळा पत्थर. अख्ख्या पत्थरात पाणी मुरत नाही; ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत साठतं. काळ्या रानात माती खोल असते, घाण बरीचशी तिथंच अडकते. माळावर माती वीतभर, खाली लगेच मुरूम. जोराचा पाऊस झाला की घाणीचं पाणी भेगेला लागतं. भेग काही वाळूसारखं गाळून देत नाही, नळासारखं पुढं नेते. आणि माळ वर, विहिरी खाली.

हे नुसतं आमचं बोलणं नाही. अमेरिकेत १९८७ साली 'ड्रॅस्टिक' नावाची पद्धत निघाली. कुठलं भूजल किती लवकर नासेल, हे ती सात गोष्टींवरून ठरवते. पाणी किती खोल आहे आणि जमीन ते पाणी यांच्यामधला थर कसा आहे, यांचं वजन प्रत्येकी ५. पाऊस किती मुरतो, याचं ४. पाणी धरणारा खडक कसा आणि त्यातून पाणी किती वेगानं सरकतं, यांचं ३-३. मातीचं २. उताराचं फक्त १.

आता साहेब लोकांचं ऐका. "उतार आहे, वाहून जाईल." ज्याचं वजन सगळ्यात कमी, त्यावर यांचा सगळा भरवसा! "विहिरीचं पाणी खोल आहे." कधी पाहिलं? मे महिन्यात. भादव्यात या, पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं. घाण मुरते ती पावसाळ्यात, उन्हाळ्यात नव्हे.

१९९३ च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी घातली होती. उपशासाठी टेप लावता, मग उकिरड्यासाठी का लावत नाही?

उद्या हाच कागद आमच्यावर उलटवतील. "जमीन नाजूक आहे, पारध्या-भिल्लांनो, उठा." म्हणून आत्ताच सांगतो, ही पद्धत जमिनीचा नाजूकपणा मोजते, माणसाचा गुन्हा नाही. नाजूक जमिनीला राखणदार लागतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तो आपल्या विहिरीवर टँकर रिकामा होऊ देईल काय? नाव लागत नाही म्हणूनच टँकर येतो.

राखणदाराचा नेम आपल्यालाही आहे. शेणखताचा ढीग आणि युरिया यातूनही नायट्रेट पाण्यात उतरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तान्ह्या लेकराला धोका. पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. तेव्हा उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. आपलाही नको.

आमच्या मागण्या:

१. माती-मुरमाची खोली आणि भादव्यातली पाण्याची पातळी मोजल्याशिवाय गायरानावर कचरा, मैला, मेलेली जनावरं टाकू नयेत.

२. मोजणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेनं करावी, कसणाऱ्यांसमोर. पंचनामा ग्रामसभेत मराठीत वाचावा.

३. गायरानाखालच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावं, आकडे चावडीवर लावावेत.

४. कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर लावावीत.

साथींनो, पुढच्या बैठकीला येताना आपल्या विहिरीचं पाणी किती हात खोल आहे, ते दोरीनं मोजून या. साहेबांच्या आधी आपला आकडा तयार पाहिजे.

जमीन आमची, पाणी सगळ्यांचं!