जप्तीच्या क्षणाची ग्वाही कोण देणार?

आरोपीच्या घरी चाकू सापडला तर पंच बोलावतात, तो कापडात गुंडाळून त्यावर लाखेची मोहोर उठवतात, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होतात. लॅपटॉप सापडला म्हणजे पोलीस खात्याचा हा काटेकोरपणा कोठे लुप्त होतो? डिस्क ही चाकूहून कितीतरी हळवी वस्तू! नुसते यंत्र सुरू केले तरी आतील असंख्य नोंदी बदलतात.

यावर उपाय नाही असे नव्हे. डिस्कमधील मजकुरावर ठराविक गणित चालविले म्हणजे अंक-अक्षरांची एक मालिका निघते. तिला हॅश मूल्य म्हणतात. मजकुरात एका अक्षराचा फेरफार झाला की ही मालिका पार बदलते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हे मूल्य नमूद करावे लागते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु ते प्रमाणपत्र मागितले आहे पुरावा सादर करतेवेळी! जप्तीनंतर ते यंत्र महिनोनमहिने ठाण्याच्या कपाटात पडून राहिले, तर त्या काळाची ग्वाही कोणी द्यावयाची? मागाहून घेतलेला ठसा त्यापूर्वीचे काय सांगणार? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले हे खरे. पण चित्रात डबा दिसतो, आतला मजकूर नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात 14 जुलै 2020 रोजी प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. यंत्रांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक नियम करा, असेही त्याने 2023 मध्ये केंद्राला बजावले. त्यावर केंद्राने तूर्त सीबीआयची नियमपुस्तिका पाळण्याची हमी दिली, ती केंद्रीय तपास संस्थांपुरती. आणि राज्यांचे पोलीस? कागलात जप्त झालेली डिस्क एका रीतीने आणि निपाणीत जप्त झालेली दुसऱ्या रीतीने हाताळली जावी काय? कायदा तर एकच आहे!

ठाण्यांत साधने नाहीत, जाणती माणसे नाहीत, ही सबब आम्हांस ठाऊक आहे. साधने असतील तेथे लिखाणास अटकाव करणारे उपकरण जोडून पंचांसमक्ष डिस्कची प्रत काढावी, हॅश मूल्य पंचनाम्यात लिहावे, त्याची नक्कल मालकाच्या हाती द्यावी. नसतील तेथे यंत्र मोहोरबंद करून प्रयोगशाळेत न्यावे आणि मोहोर मालकाच्या वा त्याच्या वकिलाच्या डोळ्यांदेखत फोडावी. मोबाईलची संपूर्ण प्रत जागच्या जागी निघणे बहुधा अशक्य. त्याला हाच दुसरा मार्ग, मात्र लहरी अडविणाऱ्या पिशवीत घालून. लाख आणि पिशवी विकत घेण्यासही सरकारजवळ पैसा नाही काय?