सहीच्या पलीकडची साक्षरता

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनाच्या मुहूर्तावर, गोवा हे संपूर्ण साक्षर राज्य असल्याची घोषणा झाली. त्याच्या दहाच दिवस आधी मिझोरमने आणि जून २०२४ मध्ये लडाखने हा मान मिळविला होता. वार्ता आनंदाचीच आहे. मात्र शासकीय व्याख्येनुसार शेकडा ९५ माणसे साक्षर झाली की ते राज्य संपूर्ण साक्षर समजले जाते. मग उरलेली पाच माणसे कोण? आणि पंचाण्णव जणांना नेमके काय येते? हे दोन्ही प्रश्न अभिनंदनाच्या गजरात विरून जाता कामा नयेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. पुरुषांत सुमारे ८१, तर महिलांत सुमारे ६५ टक्के. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते, ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. पण प्रगणक दारात उभा राहून विचारतो आणि घरातील मंडळी सांगतील ते नोंदवितो. कोणाच्या हाती मजकूर देऊन तो वाचवून घेतला जात नाही; एवढ्या विशाल देशात ते शक्यही नाही. त्यामुळे या आकड्यांवरून वाटचालीची दिशा कळते, तिची खोली कळत नाही.

ही खोली मोजण्याचा विचार आपल्याकडे झालेला नाही, असे मात्र नव्हे. ५ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने नेमके निकष ठरविले होते. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता यावेत, पाहून सात आणि ऐकून पाच शब्द लिहिता यावेत, १ ते १०० अंक यावेत, साधी बेरीज-वजाबाकी करता यावी. रस्त्यावरील पाट्या आणि सोप्या सूचना समजाव्यात, हीही त्यात अपेक्षा होती. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच ‘उल्लास’मध्ये, पंधरा वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांचे लक्ष्य आहे. तेथे वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांसाठी प्रत्येकी ५०, अशी एकूण १५० गुणांची चाचणी घेतली जाते. नुसत्या सहीला साक्षरता मानण्यापेक्षा हे निश्चितच पुढचे पाऊल होय.

तरीही चाचणी सांगते ती एका दिवसाची गोष्ट. पहिलीत उत्तीर्ण झालेले मूल दुसरीत जाते. त्याची अक्षरे रोज घोटली जातात. प्रौढ मात्र परीक्षा देऊन शेतावर, गिरणीत किंवा चुलीपाशी परततो. हाती वाचायला काही आले नाही, तर शिकलेले वर्षभरात पुसले जाते. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९५९ च्या सुमारास साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा १९७२ मध्ये युनेस्कोने पुरस्कार देऊन गौरव केला. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. पण समारंभानंतर वाचनाची सवय आणि सोय जेथे टिकली नाही, तेथे अक्षरेही टिकली नाहीत.

म्हणूनच प्रौढशिक्षणाला तीन कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली, शिकणारा कोठून निघाला? पाटी कधी हाती न धरलेली साठ वर्षांची आजी आणि चौथीतून शाळा सुटलेला तरुण यांना एकाच गुणपत्रिकेत बसविणे हा न्याय नव्हे. ज्याची त्याची तुलना त्याच्या कालच्या स्थितीशीच व्हावी. दुसरी, आलेल्या अक्षरांचे त्याने काय केले? बँकेची पावती स्वतः भरली का, एसटीची पाटी वाचली का, औषधाच्या वेष्टनावरील मुदत पाहिली का, कागदावर काय लिहिले आहे हे जाणून मगच सही केली का? न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फसवणुकीच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. तिसरी, एका वर्षानंतर किती उरले?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आज्या तेथे जाऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती, प्रमाणपत्र कोठे दाखवायचे नव्हते. पोथी आपली आपण वाचता यावी, बँकेत अंगठा न उठविता सही करता यावी, ही त्यांची साधी आस. या आजींची प्रगती १५० पैकी किती गुणांत बसवाल? ज्या दिवशी पोथीतील एक ओवी तिने स्वतः लावून वाचली, तो तिचा निकाल.

निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, हे तर बहिणाबाई चौधरींच्या महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. शहाणपण या माणसांपाशी असतेच. अक्षरांअभावी त्यांना दुसऱ्यावर विसंबावे लागते. ते परावलंबन किती घटले, हेच प्रगतीचे खरे माप आहे.

सेवावस्त्यांमधून साक्षरता वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे माप आजपासून हाती घ्यावे. अहवालात ‘इतके वर्ग, इतके साक्षर’ एवढेच लिहून थांबू नये. प्रत्येकाच्या नावे वहीचे एक पान ठेवावे. पहिल्या दिवशी काय येत होते, तीन महिन्यांनी काय येते आणि त्याने ते कोठे वापरले, याची त्यावर नोंद व्हावी. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा त्याच्या घरी जावे. जमल्यास मोठ्या टाइपातील एखादे पुस्तक सोबत न्यावे. या हिशेबात कदाचित आपला आकडा लहान होईल. होऊ द्यावा. शंभरांच्या यादीपेक्षा वर्षानंतरही वाचणारी दहा माणसे समाजाच्या अधिक उपयोगाची आहेत, आणि यादीबाहेर राहिलेल्या त्या पाचांचे दारही अशाच कार्यकर्त्याला सापडेल.