शौर्याची अडलेली फाइल

लष्करी सन्मानाचा प्रस्ताव एका टेबलावर अडला की न्यायाला किती विलंब होतो, हे टिबोर रुबिन यांच्या प्रकरणातून दिसते. कोरियन युद्धात १९५० मध्ये चिनी सैन्याच्या हाती सापडलेले हे अमेरिकी सैनिक सुमारे ३० महिने कैदेत होते. रात्री शत्रूचे अन्नधान्य चोरून त्यांनी सुमारे ४० सहकाऱ्यांना जगवले. पकडले जाण्यापूर्वीच्या पराक्रमासाठी वरिष्ठांनी शिफारस करण्यास सांगितले होते. पण रुबिन ज्यू असल्याने सार्जंटने ती पुढे पाठवलीच नाही, अशी साक्ष सहकाऱ्यांनी दिली. अमेरिकी काँग्रेसने २००१ मध्ये ज्यू सैनिकांच्या नोंदींच्या फेरतपासणीचा कायदा केला. २००५ मध्ये, ७६ वर्षांच्या रुबिन यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. लष्करी यंत्रणा आपली चूक सहसा स्वतःहून उकरत नाही. त्यासाठी लोकप्रतिनिधींचा रेटा लागतो आणि तोही साक्षीदार हयात असतानाच यावा लागतो.