तांब्याच्या पत्र्यावरचं नाव

पीसीबी लॅबमध्ये तांब्याचा बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये हलवत आपण सगळेच ताटकळलोय. झाकलेलं तांबं राहतं, उघडं विरघळतं. जुने लोक चित्रं छापायचे ते याच तत्त्वावर. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढायची, ऍसिडने ती खोल करायची, मग शाई भरून वर कागद दाबायचा. झालं एचिंग!

एतिएन द्युपेराक या फ्रेंच कलावंताने १५७५ साली रोममधल्या पडक्या वास्तूंची चित्रं अशीच छापली. पुस्तक अर्पण केलं कोणाला? तेव्हाच्या पोपच्या मुलाला, जाकोमो बोंकोंपान्यीला. अर्पणपत्रिका म्हणजे त्या काळचा स्पॉन्सरशिपचा अर्जच म्हणा ना.

आपल्याकडेही हेच झालं. पुण्याला पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यासाठी गंगाराम तांबट या मराठी कलावंताने वेरूळची लेणी काढली. मॅलेटच्याच आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला, आणि गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागला. वेल्स १७९५ साली साष्टीत, म्हणजे आपल्या खाडीच्या पलीकडे, वारला. त्याची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला छापली, २४ प्लेट्स. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय?

काही जण म्हणतील, पैसेवाल्याच्या मागे फिरणं म्हणजे हांजीहांजी. मला ते पटत नाही. कोणीतरी खर्च उचलला म्हणून ती चित्रं झाली. खरी गोष्ट अशी की जो पैसे देतो तोच ठरवतो काय काढायचं आणि ते कुठे ठेवायचं. आपण पैसे दिले नाहीत, म्हणून चित्रं आपल्याकडे नाहीत.

आता वसईचा किल्ला बघा. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकला. भिंतींत झाडांची मुळं शिरलीत. आपण जातो, फोटो काढतो, परत येऊन मेस गाठतो. फेस्टच्या साउंड सिस्टीमसाठी मात्र दारोदार स्पॉन्सर शोधतो!

माझं म्हणणं एवढंच, त्यातला थोडा पैसा दरवर्षी बाजूला काढा. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घ्या. सिव्हिलच्या मुलांनी टेप धरावी, ज्याचा हात चांगला त्याने चित्र काढावं, मग तो कुठल्याही ब्रँचचा असो. सरांनी त्याला सबमिशनचे मार्क द्यावेत. शीट्स आपल्याच लायब्ररीत राहू देत, आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचं पूर्ण नाव असू दे.

किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्याने नावं कोरणारे खूप झाले. शीटच्या कोपऱ्यात नाव टाकणारे हवे आहेत.